करवीराधीश शाहू छत्रपति

कोल्हापूरच्या आसपास ज्या खेड्यांत आमच्या मंडळ्या आहेत, त्या खेड्यांत शाहू महाराजांची तसबीर नाहीं अशी शाळा किंवा चावडी विरळाच सांपडेल. नांव सर्वांच्या ओठीं आहे. परंतु त्यांनीं काय केलें, कोणत्या अडचणींत केलें आणि काय करावयाचें राहून गेलें, असें विचारिलें तर पुष्कळांस वसतिगृहें व राखीव जागा या दोन गोष्टींपलीकडे सांगतां येत नाहीं. बाजारपेठ, गिरणी, धरण आणि सक्तीची शाळा हीं एकाच माणसाच्या एकाच विचाराचीं अंगें होतीं, हें फारसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. म्हणून त्यांचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

आरंभीं वाचकांनीं आमच्याबरोबर थोडा वेळ जपानांत यावें. कारण महाराजांच्या कामाचें वजन त्या तराजूंत घातल्याशिवाय नीट कळत नाहीं. इ. स. १८५३ च्या जुलै महिन्यांत अमेरिकेचा नौसेनापति पेरी चार लढाऊ गलबतें घेऊन येदोच्या उपसागरांत शिरला. दोनशें वर्षांहून अधिक काळ जपाननें आपलीं दारें परक्यांस बहुतेक बंद ठेविलीं होतीं. त्या गलबतांपैकीं दोन धूर सोडीत वाऱ्यावांचून चालत होतीं, आणि त्यांच्या तोफांपुढें आपल्या तोफांचा टिकाव लागणार नाहीं हें जपानी सरदारांस कळून चुकलें. पुढील वर्षीं तह झाला. १८५८ सालीं आणखी तह झाले. त्यांअन्वयें जपानांत गुन्हा करणाऱ्या परकीयाचा न्याय जपानी न्यायाधीशानें करावयाचा नाहीं, आणि बंदरांतील जकात जपाननें आपल्या मर्जीनें वाढवावयाची नाहीं, असें ठरलें. घर आपलें, पण दाराची कडी दुसऱ्याच्या हातीं, अशी ती स्थिति होती.

१८६८ सालीं मेइजी बादशहाच्या नांवानें नवें सरकार आलें आणि त्यानें कंबर बांधिली. १८७१ सालीं सरदारांचीं वतनी राज्यें मोडून सर्व मुलूख एका सत्तेखालीं आणिला. त्याच वर्षीं राज्याचे मोठमोठे मंत्री अमेरिका व युरोप पाहण्यास निघाले, ते १८७३ सालीं परतले. इकडे १८७२ या एकाच सालीं सर्व मुलांमुलींनीं शाळेंत जावें असा हुकूम निघाला, तोक्यो व योकोहामा यांमध्यें आगगाडी धांवूं लागली, आणि तोमिओका येथें सरकारनें रेशमाची नमुनेदार गिरणी घातली. १८७३ सालीं ख्रिस्ती धर्मास बंदी करणाऱ्या पाट्या रस्त्यांवरून उतरल्या. या साऱ्या खटाटोपाचें फळ म्हणून १८९९ सालीं परकीयांचीं न्यायासनें उठलीं व १९११ सालीं जकातीचा पुरा हक्क जपानच्या हातीं आला. पुढें याच राष्ट्रानें आपलें यंत्रबळ शेजाऱ्यांस चिरडण्याकडे लाविलें आणि त्याचा शेवट १९४५ च्या अनर्थांत झाला, हें आम्ही विसरत नाहीं. जपानचें सर्वच अनुकरणीय आहे असें आमचें म्हणणें नव्हे.

आतां करवीरकडे वळूं. जपानांत परका दाराशीं उभा होता. करवीरांत तो घरांत येऊन बसला होता. १८४४ सालीं गडकऱ्यांचें बंड मोडलें, आणि कारभाराचीं सूत्रें इंग्रजांच्या हातीं गेलीं. १८६२ च्या तहानें छत्रपतींस कारभार परत मिळाला, परंतु तोही इंग्रजांच्या सल्ल्यानें चालवावा अशा अटीवर. राजाराम महाराज विलायतेहून परत येत असतां १८७० सालीं इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं वारले. त्यांच्यामागून दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज वेडे ठरविले जाऊन अहमदनगरास ठेविले गेले, आणि तेथेंच १८८३ सालीं त्यांचा अंत झाला. परराष्ट्राशीं बोलणें करण्याचा अधिकार नाहीं, आणि दरबाराच्या शेजारीं इंग्रज पोलिटिकल एजंट बसलेला. वाचकांस नहेम्याची आठवण होईल. त्यालाही पारसाच्या राजाची चाकरी संभाळून, त्याच्याच पत्रांवर लांकूड मागून, आपल्या नगरीचा कोट उभारावा लागला होता.

या राज्याचा वारसा ज्यांच्याकडे यावयाचा होता, ते २६ जून १८७४ रोजीं कागलच्या घाटगे घराण्यांत जन्मले. त्यांचें मूळचें नांव यशवंतराव. वडील जयसिंगराव, मातोश्री राधाबाई या मुधोळच्या घोरपड्यांच्या कन्या. मातोश्री तर मुलगा तीन वर्षांचा होतो न होतो तोंच निवर्तल्या. १७ मार्च १८८४ रोजीं आनंदीबाई राणीसाहेबांनीं त्यांस दत्तक घेतलें व शाहू हें नांव दिलें. राजकोटच्या राजकुमार कॉलेजांत आणि नंतर धारवाडास फ्रेझर नांवाच्या इंग्रज गुरूपाशीं त्यांचें शिक्षण झालें. १८९१ सालीं बडोद्याच्या खानविलकर घराण्यांतील लक्ष्मीबाईंशीं विवाह झाला, आणि २ एप्रिल १८९४ रोजीं राज्याधिकार हातीं आला. त्या दिवशीं त्यांचें वय पुरतें वीस वर्षांचेंही नव्हतें.

देहानें प्रचंड, कुस्तीचे व शिकारीचे शौकीन, आणि बोलण्यांत अगदीं गांवढळ वाटावे असे हे महाराज होते. शेतकऱ्याच्या बांधावर बसून त्याच्याशीं त्याच्याच भाषेंत बोलत. त्यामुळें कचेरींतील कागदांवर जें चढत नसे, तें त्यांस ठाऊक असे. लवकरच त्यांची परीक्षा झाली. १८९६-९७ सालीं दुष्काळ पडला, त्यापाठोपाठ प्लेग आला, आणि १८९९-१९०० सालीं पुन्हां दुष्काळ. योसेफाच्या हातीं सात वर्षांची भरलेलीं कोठारें तरी होतीं. येथें कोठारही नव्हतें. स्वस्त धान्याचीं दुकानें उघडणें, विहिरी व रस्ते यांचीं कामें काढून लोकांस मजुरी देणें, निराधारांसाठीं आश्रम चालविणें, यांत हीं वर्षें गेलीं. परंतु पावसावर सोडलेली शेती हा राज्याच्या पायांतील सुरुंग आहे, ही गोष्ट त्यांच्या मनांत कायमची बसली.

करवीरची संपत्ति म्हणजे ऊस, आणि उसाचा गूळ. शेतकरी गुऱ्हाळावर रात्रंदिवस खपून ढेपा करी. पण ढेप विकण्यास जवळ मोठी पेठ नसली म्हणजे भाव ठरविणारा दुसराच कोणी असतो. मिरजेहून कोल्हापुरापर्यंत आगगाडी १८९१ सालीं सुरू झाली होती. (याच गाडीनें पुढें आमच्यांतील कितीतरी आजारी माणसें मिरजेस डॉ. वानलेस यांनीं १८९४ सालीं स्थापिलेल्या मिशन इस्पितळांत गेलीं, हें सांगितल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं.) महाराजांनीं १८९५ सालीं त्या गाडीच्या स्टेशनाजवळ शाहूपुरी ही पेठ वसविली. हळूहळू कोल्हापुरी गुळाचें नांव दूरदूरच्या मुलखांत झालें. पुढें १९१७ सालीं याच लोहमार्गावर वडिलांच्या नांवानें जयसिंगपूर हें दुसरें व्यापाराचें शहर त्यांनीं वसविलें. पन्हाळ्याकडे चहा व कॉफी यांची लागवडही करून पाहिली.

१९०२ सालीं सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठीं महाराज विलायतेस गेले. केंब्रिजच्या विद्यापीठानें त्यांस एलएल. डी. ही पदवी दिली. मेजवान्या व मिरवणुका यांचें वर्णन आम्ही करीत नाहीं. महत्त्वाची गोष्ट ती नव्हे. महाराज विलायतेंत असतांनाच, २६ जुलै १९०२ रोजीं, करवीरच्या गॅझेटांत त्यांचा हुकूम प्रसिद्ध झाला कीं, यापुढें रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकीं शेंकडा पन्नास मागासलेल्या वर्गांच्या लोकांनीं भराव्या. ब्राह्मण, प्रभु, शेणवी, पारशी व दुसरे पुढारलेले वर्ग सोडून बाकीचे सर्व मागासलेले धरावयाचे होते. हा हुकूम कां निघाला तें एका आंकड्यावरून कळेल. १८९४ सालीं राज्याच्या सामान्य कारभारांतील ७१ मोठ्या जागांपैकीं ६० जागांवर ब्राह्मण होते. १९१२ सालीं अशा ९५ जागांपैकीं ब्राह्मणांच्या हातीं ३५ राहिल्या. त्याआधीं वेदोक्ताच्या वादानें, म्हणजे छत्रपतींच्या घरीं धर्मविधि वेदमंत्रांनीं व्हावेत कीं पुराणमंत्रांनीं या भांडणानें, महाराजांस स्वतःच्या अंगावर अनुभव आला होता कीं, ज्याच्या हातीं विद्या त्याच्या हातीं राजाचीही मानहानि करण्याचें साधन असतें.

परंतु जागा राखून ठेवल्या म्हणून त्या भरणारे कोठून आणावे? खेड्यांतील मराठ्याचा, जैनाचा, मुसलमानाचा मुलगा कोल्हापुरांत शिकावयास आला तर राहणार कोठें आणि जेवणार काय? येथेंच वसतिगृहांचा उगम आहे. १९०१ सालीं मराठ्यांचें व जैनांचें, पुढें मुसलमानांचें, लिंगायतांचें, १९०८ सालीं अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीं मिस क्लार्क यांच्या नांवानें, अशीं एकामागून एक तीं निघालीं. आमच्या हिंदी ख्रिस्ती मुलांसाठींही निघालें. जातिवार वसतिगृहें काढून महाराजांनीं जातिभेद वाढविला, असा आक्षेप तेव्हां घेतला जाई व आतांही घेतला जातो. आमचें मत असें कीं, ज्या काळीं एका पंक्तीस बसण्यास मुलांचे बापच तयार नव्हते, त्या काळीं एकच मोठें घर बांधिलें असतें तर तें रिकामें राहिलें असतें, किंवा एकाच जातीनें भरलें असतें. आमच्या मिशनच्या लोकांस हें सांगावयास नको. इ. स. १८५२ सालीं रॉयल वाइल्डर साहेब कोल्हापुरांत आले तेव्हांपासून शाळेंत कोणास कोणाशेजारीं बसवावें या प्रश्नानें किती मुलें घरीं परत गेलीं असतील, तें देव जाणे.

१९०६ सालीं महाराजांनीं सूत कातण्याच्या व कापड विणण्याच्या गिरणीचा पाया घातला. बंगालची फाळणी नुकतीच झाली होती आणि स्वदेशीचा घोष देशभर चालला होता. महाराज त्या चळवळीच्या पुढाऱ्यांपैकीं नव्हते. इंग्रज सरकारशीं त्यांचें सख्य होतें. तथापि परदेशी कापडाची होळी करण्यापेक्षां आपलें कापड विणणें अधिक कठीण आहे, हें त्यांनीं करून दाखविलें. अडचणींचा हिशेब करा. त्या काळीं हिंदुस्थानांतील गिरण्यांचीं यंत्रें बहुतेक विलायतेहून येत. तीं बसविणारे व चालविणारे जाणते लोक मुंबईकडे. भांडवलवाला सावकार जमीन गहाण घेणें पसंत करी, गिरणीचा भाग घेणें नव्हे. जपानच्या सरकारनें प्रथम स्वतः कारखाने घातले आणि नंतर ते खासगी व्यापाऱ्यांस विकले, तें याच कारणासाठीं. राजानें वाट पाडल्याशिवाय सावकाराचा गाडा त्या बाजूस वळत नाहीं. मात्र परक्या मालावर जकात बसवून आपल्या गिरणीस आडोसा करावा, ही गोष्ट महाराजांच्या हातीं कधींच नव्हती. जपाननें ती या देशाच्या डोळ्यांदेखत १९११ सालीं मिळविली. एका संस्थानिकास ती मागतांही येत नव्हती. त्याच कोल्हापुरांत बाबूराव पेंटर यांनीं परदेशी कॅमेऱ्याची रचना समजून घेऊन स्वतः कॅमेरा बनविला व १९२० सालीं सैरंध्री हा मूकपट दाखविला. कारागिराच्या अंगीं बुद्धि नव्हती असें कोणीं म्हणूं नये.

सर्वांत मोठें स्वप्न धरणाचें. दुष्काळाचा धडा विसरला गेला नव्हता. भोगावती नदीवर, दाजीपूरच्या रानाच्या खालीं, फेजिवडे गांवापाशीं डोंगरांच्या चिंचोळ्या वाटेंत बांध घालून पावसाचें पाणी अडवावें आणि उन्हाळ्यांत तें नदींत सोडावें, अशी ती योजना. नदी भरून वाहिली म्हणजे कांठचा शेतकरी मोटेनें किंवा यंत्रानें पाणी उचलील. मैलोगणती कालवे खणण्याचा खर्च वांचेल. जवळच नवी वस्ती वसवून तिला कन्या राधाबाई यांच्या नांवावरून राधानगरी म्हणूं लागले, आणि तलावास महाराणी लक्ष्मीबाईंचें नांव मिळालें. १९०९ च्या सुमारास काम सुरू झालें. एवढ्या लहान राज्यानें एवढें मोठें काम काढावें हें पुष्कळांस वेडेपण वाटलें असेल. पुढें युरोपांतील महायुद्ध आलें. साहित्य मिळेना, पैसा पुरेना, आणि १९१८ च्या सुमारास अर्धवट बांधलेली भिंत तशीच थांबली. महाराजांच्या हयातींत ती पुरी झाली नाहीं.

युद्धांत महाराजांनीं इंग्रजांस सैनिक मिळवून दिले, आणि टिळकांच्या पक्षाशीं त्यांचा उभा दावा होता. यासाठीं त्यांस देशद्रोही म्हणणारे त्या वेळींही होते. आम्हांस वाटतें, ज्यांच्या हातून आपल्या प्रजेस विद्या मिळाली नाहीं त्यांच्या हातीं सगळी सत्ता लवकर जाऊं नये, अशी त्यांची समजूत होती. ती बरोबर होती कीं नाहीं यावर शहाणी माणसें अजून वाद घालतात. परंतु विद्या नुसती बोलून दाखविली नाहीं, हें निर्विवाद. १९१७ सालीं त्यांनीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें. मुलास शाळेंत न धाडणाऱ्या बापास महिन्याला एक रुपया दंड ठेविला. ज्या मजुरास एक रुपया मिळविण्यास कित्येक दिवस खपावें लागे, त्याला हा दंड जड होता. आणि मूल शेतावरून काढून शाळेंत बसविणें त्याहूनही जड होतें. पहिली शाळा कोल्हापूरजवळच्या चिखली गांवीं उघडली. इंग्रज मुलखांत असा कायदा व्हावा म्हणून गोखले यांनीं १९११ सालीं मांडलेलें विधेयक तर नामंजूर झालें होतें.

आमच्या मंडळींपैकीं पुष्कळांचे पूर्वज ज्या वाड्यांत राहत, तिकडे आतां पाहूं. महार वतन हें नांवाचें वतन. जमिनीचा लहानसा तुकडा, त्याचे वाटे पडून पडून हातभर राहिलेला, आणि त्याच्या मोबदल्यांत घरांतील सर्व माणसें रात्रीं-अपरात्रीं सरकारी कामास बांधलेलीं. १९१८ सालीं महाराजांनीं हें वतन रद्द केलें, जमीन धारकाच्या नांवें करून दिली, आणि वेठ काढून टाकिली. कुलकर्णी वतनही त्याच सुमारास जाऊन पगारी तलाठी आले, व त्यांत अस्पृश्य मानलेले तरुणही नेमले गेले. गुन्हेगार ठरविलेल्या जमातींची रोजची हजेरी बंद झाली. फासेपारध्यांस महाराजांनीं आपल्या पदरीं चाकरीस ठेविलें. १९१९ सालीं अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा मोडून सर्व मुलें एकाच शाळेंत घ्यावीं असा हुकूम झाला. जपाननेंही १८७१ सालीं एता म्हणून हिणविलेल्या लोकांची अस्पृश्यता कायद्यानें काढिली होती. पण त्यांस जमीन दिली नाहीं, उलट चामड्याच्या धंद्यावरील त्यांचा जुना हक्क मात्र गेला, आणि कित्येक गांवीं शेजाऱ्यांनीं त्या कायद्याविरुद्ध दंगे केले. हुकुमाबरोबर भाकर नसली म्हणजे काय होतें, तें तेथें दिसलें.

गंगाराम कांबळे यांची गोष्ट कोल्हापुरांत सर्वांस ठाऊक आहे, तरी येथें सांगतों. ते महाराजांच्या पागेंत चाकरीस होते. वरिष्ठ जातीच्या नोकरांसाठीं राखलेल्या पाण्यास हात लाविला म्हणून सोबतच्या नोकरांनीं त्यांस निर्दयपणें मारिलें. महाराज परगांवाहून परतल्यावर त्यांनीं गाऱ्हाणें सांगितलें. मारणाऱ्यांस शिक्षा तर झालीच. परंतु महाराजांनीं गंगारामांस चाकरींतून मोकळें करून, पैसे देऊन, स्वतःचा धंदा काढावयास सांगितलें. त्यांनीं भर शहरांत चहाचें दुकान घातलें. तेथें चहा पिणार कोण? महाराजांची गाडी त्या दुकानापुढें थांबूं लागली. महाराज चहा मागवीत, आणि सोबतच्या मानकऱ्यांसही देववीत. राजानें घेतलेला पेला नाकारण्याची छाती कोणाची? शेंकडों व्याख्यानांनीं जें साधलें नसतें, तें त्या पेल्यानें साधलें.

१९२० च्या मार्च महिन्याच्या २१ व २२ तारखांस माणगांवीं अस्पृश्यांची परिषद भरली, अध्यक्ष डॉ. आंबेडकर, त्या वेळीं अवघे अठ्ठावीस वर्षांचे. महाराज स्वतः तेथें आले आणि हा तुमचा पुढारी आहे असें लोकांस सांगून गेले. मूकनायक पत्रासही त्यांनीं अडीच हजार रुपयांची मदत केली होती. विधवाविवाहाचा व भिन्न जातींच्या विवाहाचा कायदा, स्त्रियांच्या छळाविरुद्ध कायदा, हे सर्व याच तीन-चार वर्षांतील. वाचकांच्या ध्यानांत येईल कीं, १९१७ पासून महाराज जणू वेळ थोडा उरला आहे असें जाणून काम करीत होते. मधुमेहानें शरीर पोखरलें होतें, आणि धाकटे राजपुत्र शिवाजी १९१८ सालीं शिकारींत अपघातानें वारल्याचें दुःख होतेंच.

महाराज ख्रिस्ती झाले नाहींत, आणि तसा आव आणून आम्ही त्यांस आमच्यांत ओढणार नाहीं. १९१९ सालीं राजाराम कॉलेज त्यांनीं आर्यसमाजाच्या स्वाधीन केलें. तेव्हां मिशनच्या कित्येक मित्रांस वाईट वाटलें असेल. परंतु आमच्या मुलांस वसतिगृह देतांना त्यांचा हात आंखडला नाहीं.

६ मे १९२२ रोजीं मुंबईंत, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं, त्यांचें निधन झालें. देह कोल्हापुरास आणिला गेला. त्यांच्यामागून राजाराम महाराज गादीवर आले. १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर मुंबई राज्यांत विलीन झालें, आणि ज्या राज्याचा कारभार सुधारण्यांत महाराजांचें आयुष्य गेलें, तें राज्य संपलें. गिरणी अनेक दशकें चालली. आतां ती बंद आहे. गुळाची पेठ आहे, वसतिगृहें आहेत. भोगावतीवरील थांबलेली भिंत पुन्हां हातीं घेतली जाऊन १९५७ च्या सुमारास पुरी झाली. तलाव भरला म्हणजे तिचे दरवाजे पाण्याच्या दाबानें आपोआप उघडतात. पंचगंगेकांठच्या गांवांतील लोक त्याची बातमी ऐकून आपलीं गुरें उंचवट्यावर नेतात, आणि पाऊस सरला कीं त्याच पाण्यावर ऊस लावितात.